आजीचे सात हाली रुपये

आपल्या सोसायटीचा हा रौप्यमहोत्सव. रौप्य म्हणजे चांदी, म्हणून चांदीच्याच रुपयांबद्दल चार ओळी लिहितो.

माझं मूळ गाव युसूफ वडगाव, तालुका केज, जिल्हा बीड. निवृत्तीनंतर गावचं घर आवरताना आजीच्या पेटीत फडक्यात बांधलेले सात रुपये निघाले. लहानपणी ते हातात घेतले की आजी म्हणायची, "ठिव लेकरा, हाली हायती ते. कलदार न्हाईत." तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचं स्वतःचं नाणं होतं, हाली सिक्का. शेजारचा नगर जिल्हा इंग्रजांकडे. तिथला यंत्रावर पाडलेला रुपया म्हणजे कलदार. हद्द ओलांडली की पैसे बदलायचे आणि बट्टा सोसायचा. दर होता सात हालीला सहा कलदार.

हा दर कुठून आला? कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात शंभरात जवळजवळ ९२ भाग चांदी. हाली ११.१८ ग्रॅमचा, त्यात सुमारे ८२ भाग. हिशेब केला तर सात हालीतली चांदी आणि सहा कलदारातली चांदी सारखीच भरते, सुमारे ६४ ग्रॅम. आजी शाळेत गेली नव्हती, पण हे तिला ठाऊक होतं.

नाणं वाचायला मी साठीनंतर शिकलो. एका बाजूला चारमिनार. हा छाप १९०३ च्या सुमारास सुरू झाला. मधल्या कमानीत एक उर्दू अक्षर असतं. 'मीम' असेल तर सहावे निजाम महबूब अली खान, 'ऐन' असेल तर सातवे उस्मान अली खान. सातवे गादीवर आले १९११ मध्ये. साल हिजरी असतं. त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास निघतो. अंक वाचताना मात्र मी फसलो. त्या लिपीत पाचाचा आकडा आपल्या शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका! १३२५ चं नाणं मी १३२० चं समजून बसलो होतो. ते खरं १९०७ चं.

दुसरी चूक महागात पडली. काळे पडलेले दोन रुपये चिंच आणि राख लावून लख्ख घासले. जाणकारानं ते पाहून कपाळाला हात लावला. घासलेल्या नाण्याला संग्राहक विचारत नाही, ते मोडीच्या भावात जातं. किंमत ठरते ती आधी चांदीच्या वजनावर, मग साल किती दुर्मिळ आणि छाप किती शाबूत यावर. नुसतं जुनं म्हणून काही मोल चढत नाही.

तोवर घरात वेगळंच सुरू झालं होतं. 'जुन्या नाण्याला लाखो रुपये' असं धाकट्या भावानं मोबाईलवर पाहिलं. वाटणीवरून आम्हा भावाभावांत बोलणं बंद व्हायची वेळ आली. फोनवरच्या माणसानं आधी 'रजिस्ट्रेशन'चे पैसे मागितले, आणि ते पाठवायला भाऊ तयारही झाला होता. जुन्या नाण्यांच्या नावाखाली असे पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच जाहीर केलंय. ते त्याला वाचून दाखवलं, तेव्हा कुठे थांबला. मग सराफाकडे वजन केलं. लाख सोडा, चांदीच्या भावाहून थोडंच जास्त. भांडण तिथंच विरलं.

आणखी एक सांगतो. शेतात किंवा पाया खणताना जुनी नाणी सापडली आणि त्यांची किंमत १० रुपयांहून जास्त असेल, तर १८७८ च्या कायद्यानं कलेक्टरला कळवावं लागतं. गुपचूप विकू नका.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, पुढे हाली चलनातून गेला. आमचे सात रुपये विकले नाहीत. एक आत्याला दिला. तिनं तो फरशीवर टाकून आवाज ऐकला आणि म्हणाली, "आईचाच हाय."

आपल्याही घरात असा एखादा रुपया असेल तर जरूर दाखवा. फक्त घासून आणू नका!