आजीची गाय आणि चार कप्पे

मावशीच्या लग्नात उरलेला भात आणि बुंदी आजीने मोठ्या मायेने गायीला घातली होती. दुसऱ्या दिवशी गाय उठेना, रवंथ बंद. तिसऱ्या दिवशी गेली. दृष्ट लागली, असं सगळे म्हणाले. आजी मात्र स्वतःलाच बोल लावत राहिली.

याचं उत्तर शोधता शोधता मी थेट ॲरिस्टॉटलपर्यंत जाऊन पोचलो! इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात या ग्रीक गृहस्थाने रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाचे चार कप्पे वेगवेगळे ओळखून लिहून ठेवले. दुसऱ्या कप्प्याला त्याने नाव दिलं ते बायका केसांवर बांधतात त्या जाळीचं. ज्यांनी घरी वजडी साफ केली आहे, त्यांना ती जाळी लगेच आठवेल. इतकी पोटं कशाला? तर वरचे पुढचे दात नाहीत, चावणं अपुरं पडतं, त्याची ही भरपाई, असं त्याचं म्हणणं.

कप्पे दिसले, पण आतले बिऱ्हाडकरू दिसायला सूक्ष्मदर्शक यावा लागला. १८४३ साली पॅरिसमध्ये ग्रुबी आणि डेलाफों यांना पोटातल्या रसात वळवळणारे सूक्ष्मजीव दिसले. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेत रॉबर्ट हंगेट यांनी हवा लागताच मरणारे तिथले जिवाणू बिनहवेच्या नळ्यांत वाढवून दाखवले. १९६६ साली त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं.

गंमत म्हणजे गवतातला सेल्युलोज गायीला स्वतःला पचतच नाही. पहिल्या मोठ्या कप्प्यात हे जिवाणू तो आंबवतात, त्यातून निघणाऱ्या आम्लांवर गाय जगते, आणि शेवटी चौथ्या कप्प्यात त्या जिवाणूंनाही पचवते. म्हणजे आपण चारा घालतो तो आधी त्यांना!

या मंडळींना सवय गवताची. अचानक ढीगभर भात आणि साखर आली की त्यातले मोजकेच जिवाणू बेसुमार वाढतात, लॅक्टिक आम्ल साचतं, बाकीचे मरतात. आम्ल रक्तात उतरलं की जनावर बसतं.

म्हणजे दृष्ट वगैरे काही नव्हती. पण आजीचा दोष तरी कसा म्हणायचा? ॲरिस्टॉटललाही जे दिसलं नाही, ते तिला कुठून दिसणार?

आजी आता नाही. पण गावाकडच्या मंडळींनो, पुढच्या लग्नात उरलेली पातेली गोठ्याकडे नेऊ नका. नैवेद्याचा घास पुरे.