टपालाचे मत कुणाला? ऊसतोड कामगाराचा मताधिकार आणि बाबासाहेबांचा १९२९ चा प्रश्न

स्थानिक स्वराज्य संस्थांची निवडणूक लागली की तहसील कार्यालयात एक लगबग सुरू होते. मतदान केंद्रावर नेमणूक झालेले शिक्षक, तलाठी, लिपिक टपाली मतपत्रिकेचे अर्ज भरतात. नेमणुकीचा आदेश जोडायचा, यादीतला अनुक्रमांक लिहायचा, मतपत्रिका घ्यायची, खूण करून लहान पाकिटात बंद करायची, घोषणापत्र साक्षांकित करून दोन्ही मोठ्या पाकिटात घालायचे आणि मोजणीपूर्वी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचवायचे. सोय चांगली आहे. सरकारच्या कामासाठी जो गावाबाहेर जातो, त्याचे मत बुडू नये, हे तत्त्व योग्यच आहे.

त्याच आठवड्यात पुसद, महागाव, उमरखेड भागातल्या तांड्यांवर आणि बौद्ध वस्त्यांवर प्रचाराला जाणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा. दारांना कुलपे, ओट्यावर म्हातारी माणसे, एखाद-दुसरे शाळकरी पोर. बाकीचे घर उचल घेऊन टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर गेलेले असते. त्यांची नावे मतदार यादीत आहेत. त्यांच्यासाठी टपाल नाही, पाकीट नाही, अर्ज नाही. कामासाठी दोघेही बाहेर. एकाचे मत पाकिटातून येते आणि दुसऱ्याचे फडावरच राहते. असे का, याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला मताधिकाराचा इतिहास पाहावा लागेल.

इंग्रजी अमदानीत मत हा हक्क नव्हता, ती बक्षिसी होती. १९१९ च्या सुधारणांनुसार सारा भरणारा, कर भरणारा, मालमत्ता असणारा मतदार झाला. निवृत्त सैनिकालाही मत मिळाले, कारण त्याने सरकारची चाकरी केली होती. आपला यवतमाळ जिल्हा तेव्हा वऱ्हाडात, मध्य प्रांताच्या कारभाराखाली. इथल्या कापसाच्या शेतात राबणाऱ्या महार, मांग, कोलाम, बंजारा मजुराकडे ना सातबारा ना कराची पावती. म्हणजे त्याच्या नावावर मतही नाही.

या व्यवस्थेला नेमका आक्षेप घेतला तो बाबासाहेबांनी. २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीसमोर त्यांनी साक्ष दिली, तेव्हा ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. प्रतिनिधित्वाचा आणि सरकारी अधिकारपदाचा हक्क हेच नागरिकत्वाचे दोन मुख्य हक्क आहेत, असे त्यांनी तिथे मांडले. पुढे सायमन कमिशनच्या वेळी, १७ मे १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात, त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. त्यांचा मुद्दा सोपा होता. मत म्हणजे एकत्र जगण्याच्या अटी ठरविण्यात वाटा. ज्याच्यावर या अटी सर्वांत जाचक, त्याला मताची गरज सर्वांत जास्त. आणि मत द्यायचे की नाही हे जर आधीच मत असलेल्यांनी आपल्या मर्जीने ठरवायचे असेल, तर ज्यांना मत नाही त्यांची सुटका कायम दुसऱ्याच्या मेहेरबानीवर राहील.

२६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या संविधानाच्या कलम ३२६ ने मालमत्तेची, शिक्षणाची अट उडवली. वयाची २१ वर्षे पूर्ण केली की मत. १९८९ पासून १८ वर्षे. आपण म्हणतो, इथे लढाई संपली. आमचे म्हणणे आहे की ती इथे अर्धी संपली. मालमत्तेची अट गेली, पण एक अट मागे राहिली: मतदानाच्या दिवशी तुम्ही तुमच्या केंद्रावर हजर असले पाहिजे. ज्याची जमीन गावात त्याला ही अट जाणवतही नाही. ज्याला पोटासाठी वर्षातले पाच-सहा महिने गाव सोडावे लागते, त्याच्यासाठी हीच जुनी मालमत्तेची अट आहे, फक्त मागच्या दाराने आलेली.

कायदा स्वतः काय म्हणतो तेही पाहा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० चे कलम २० सांगते की तात्पुरता बाहेर गेल्याने कुणी आपल्या गावचा रहिवासी राहत नाही असे होत नाही. म्हणजे फडावरचा कामगार कायद्याने आपल्या गावाचाच मतदार आहे. हक्क तिथे ठेवला आणि तिथवर पोचायची वाट मात्र ठेवली नाही.

वाट कुणाला ठेवली? ब्रिटनमध्ये १९१८ च्या कायद्याने आघाडीवरच्या सैनिकांना टपालाने मत दिले. आपल्याकडे १९५१ चा कायदा आणि १९६१ चे निवडणूक नियम त्याच वळणाने गेले. सैन्यातले मतदार, परदेशातल्या वकिलातींत काम करणारे, निवडणूक कामावरचे कर्मचारी यांना टपाली मत मिळाले. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्या माणसालाही मिळाले. २००३ मध्ये सैनिकाला प्रतिनिधीमार्फत मत देता येऊ लागले. २०१९ मध्ये वृद्ध आणि दिव्यांग मतदारांना घरून मतदानाची सोय झाली. वयाची ती मर्यादा २०२४ मध्ये ८० वरून ८५ वर गेली. यातली एकही सोय काढून घ्या, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच दाखवतो की यादी वाढते आहे, पण पोटासाठी बाहेर गेलेला मजूर त्या यादीत कधीच येत नाही.

शिवाय हे १९६१ चे नियम लोकसभा-विधानसभेचे आहेत. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगर परिषद यांच्या निवडणुका राज्याच्या कायद्यांनी आणि राज्य निवडणूक आयोगामार्फत होतात. तिथे टपाली मत मुख्यतः निवडणूक कामावरच्या कर्मचाऱ्यापुरते आहे. आणि खरी गोम इथेच आहे.

महाराष्ट्रात ऊसगाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. आता स्थानिक निवडणुकांच्या तारखा पाहा. यवतमाळसह १५ जिल्ह्यांतले जिल्हा परिषदेचे मतदान: १६ फेब्रुवारी २०१७. राज्यातल्या १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी जाहीर झालेले मतदान: १५ जानेवारी २०२१. सात हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी, थेट सरपंचासह: १८ डिसेंबर २०२२. नगर परिषदा आणि नगर पंचायती: २ डिसेंबर २०२५. लोकसभा उन्हाळ्यात येते, तेव्हा टोळ्या परतू लागलेल्या असतात. गावची सत्ता ठरते ती मात्र टोळ्या फडावर असताना.

हे कुणी कट करून केले असे आम्ही म्हणत नाही. संविधानाच्या कलम २४३-ई प्रमाणे पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी लागते आणि जुन्या मुदती त्याच महिन्यांत संपत आल्या. २०२२ पासून मात्र जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले आणि जुने वेळापत्रक मोडले. नवे लावताना टोळ्यांचा विचार करता आला असता. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२६ ची मुदत घालून दिली होती, त्यामुळे आयोगाचे हात बांधलेले होते, हेही खरे. पण तारीख हलवता येत नसेल, तर केंद्र हलवता येते. तो विचार व्हायला हवा होता.

एका वॉर्डात काहीशे मतदार असतात. तीस-चाळीस कोयते बाहेर गेले, म्हणजे नवरा-बायको धरून साठ-ऐंशी मते गेली. ग्रामपंचायतीचे निकाल पाच-दहा मतांनी लागतात, कधी समसमान मते पडून चिठ्ठी काढावी लागते. तिथे साठ मते म्हणजे सत्ता.

इथे पुणे कराराची आठवण होणे अपरिहार्य आहे. २४ सप्टेंबर १९३२ च्या त्या करारात प्रांतिक कायदेमंडळांत आपल्याला १४८ राखीव जागा मिळाल्या, त्यातल्या २० मध्य प्रांताच्या वाट्याला आल्या. पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. राखीव जागेवर कोण बसणार हे ठरवण्यात सवर्ण मतदाराचा वाटा मोठा झाला. बाबासाहेबांनी त्याचे परिणाम आयुष्यभर सांगितले. आजच्या स्थानिक संस्थांत अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग यांना जागा राखीव आहेत, स्त्रियांना निम्म्या आहेत. पण ज्यांच्यासाठी जागा राखीव, त्यांचेच मतदार फडावर असतील, तर आपल्यातला कोणता माणूस निवडायचा हे मागे राहिलेले ठरवतात. संयुक्त मतदारसंघात आपल्या हाती जे थोडे वजन उरले होते, तेही मतदानाच्या दिवशी गावात नसते. मग निवडून आलेला आपला माणूस पाटलाच्या ओसरीवर का बसतो, असे विचारण्यात काय अर्थ?

आपल्या जिल्ह्यासाठी याला आणखी एक धार आहे. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा ज्या समितीच्या शिफारशींवरून आल्या, तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक होते. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, बंजारा समाजातले. १९६१ मध्ये समितीचा अहवाल आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. सत्ता गावापर्यंत न्यायची, हा त्या रचनेचा हेतू होता. त्याच पुसद भागातला तांडा आज सत्ता गावात येते त्या दिवशी गावात नसतो.

काही जण म्हणतील, उमेदवार गाड्या पाठवतातच की. हो, पाठवतात. टेम्पो भरून माणसे रात्री निघतात, सकाळी मत देतात, संध्याकाळी परततात. त्या दिवसाचा खाडा मुकादम लावतो आणि तो खाडा कोण भरणार हे गाडीत बसतानाच ठरलेले असते. मतदार फुकट वाहनाने नेणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचार मानला आहे. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट ही की, ज्याच्या गाडीतून आलो त्याला मत देण्याचे ओझे घेऊन माणूस केंद्रात शिरतो. ही मेहेरबानी आहे. बाबासाहेब १९२९ मध्ये जिच्याविरुद्ध लिहीत होते, ती हीच.

मग सगळ्यांना टपाली मत द्या, एवढे म्हणून भागेल का? नाही. ब्रिटनने २००० च्या कायद्याने मागेल त्याला टपाली मत दिले. २००४ च्या बर्मिंगहॅम नगर परिषदेच्या निवडणुकीत दोन वॉर्डांत टपाली मतांचा एवढा गैरव्यवहार झाला की २००५ मध्ये न्यायाधीशांनी तिथली निवड रद्द केली. आपल्याकडे तर उचल अंगावर असलेल्या कामगाराची मतपत्रिका मुकादमाच्या हाती पडली, तर टोळीची सगळी मते एकगठ्ठा विकली जातील. बिहारच्या राज्य निवडणूक आयोगाने जून २०२५ मध्ये नगरपालिका निवडणुकीत मोबाईलवरून मतदानाचा प्रयोग केला, त्यात स्थलांतरितांनाही घेतले. राज्य आयोगाला मनात आणले तर वाट काढता येते, हे त्यातून सिद्ध झाले. पण मोबाईल कुणाच्या हातात, हा प्रश्न उरतोच. गुप्त मतदान ही दलितासाठी चैन नाही, ते त्याचे चिलखत आहे. ते काढून दिलेले मत आम्हाला नको.

उत्तर जुन्याच नियमांत आहे. २०२३ पासून केंद्रीय नियमांनी निवडणूक कामावरच्या कर्मचाऱ्याला घरी मतपत्रिका नेण्याऐवजी सुविधा केंद्रातच मत देऊन तिथेच जमा करायला लावले. विस्थापित काश्मिरी पंडितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत खास मतदान केंद्रे असतात. त्रिपुराच्या छावण्यांतल्या ब्रू मतदारांनी मिझोरामसाठी तिथूनच टपाली मते दिली आहेत. म्हणजे आपल्या जागेपासून लांब असलेल्या मतदारापर्यंत पेटी नेता येते, हे देशाने करून दाखवले आहे.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. गाव सोडण्यापूर्वी ऊसतोड, वीटभट्टी आणि बांधकाम मजुराला ग्रामपंचायतीत अर्ज करून बाहेरगावचा मतदार म्हणून नोंद करता यावी. साखर कारखान्याच्या तालुक्यात, कारखान्याच्या आवाराबाहेर, सरकारी इमारतीत सुविधा केंद्र असावे. मतपत्रिका अधिकाऱ्याने द्यावी, पडद्याआड खूण व्हावी, तिथेच सीलबंद व्हावी, मुकादमाला दारात उभे राहू देऊ नये. आणि त्या दिवसाचा खाडा लावणाऱ्यावर कारवाई व्हावी. मतदानाची भरपगारी सुट्टी फडावरही लागू असावी.

यासाठी दिल्लीला जायची गरज नाही. संविधानाच्या कलम २४३-के आणि २४३-झेडए प्रमाणे स्थानिक निवडणुकांचा कायदा राज्य विधिमंडळ करते. आपले आमदार मुंबईत आणि नागपुरात बसतात. नागपूरचे अधिवेशन तर डिसेंबरातच भरते, नेमक्या त्या दिवसांत जेव्हा टोळ्या फडावर असतात.

तोवर आपण एक काम करू शकतो. पुढच्या हंगामात टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येक वस्तीत, प्रत्येक तांड्यावर यादी वाचा. कुलूप दिसले म्हणून कुणाचे नाव वगळले गेले नाही ना, ते पाहा. किती मतदार बाहेर जाणार ते लिहून काढा आणि तो आकडा गावाच्या नावासह तहसीलदाराला आणि राज्य निवडणूक आयोगाला निवेदनातून द्या. बाबासाहेब समित्यांपुढे गेले ते लेखी निवेदन हातात घेऊन. आपल्यालाही तसेच जावे लागेल.

जय भीम!