गाव स्वस्त कशामुळे होतं?

आमचा एक पुतण्या गेली काही वर्षं डेन्व्हरला असतो. तिथली घरं परवडत नाहीत, म्हणून तो आता दक्षिणेकडे गाडीने दोनेक तासांवर असलेल्या प्वेब्लो गावात घर घ्यायचं म्हणतोय. त्यावरून आमच्याकडे सरळ दोन तट पडलेत. एक पक्ष म्हणतो, "एवढं स्वस्त आहे म्हणजे काहीतरी गोम असणार." दुसरा म्हणतो, "मोठं घर, अंगण, गर्दी नाही, कोरडी हवा. आणखी काय पाहिजे?" मी पडलो इतिहासाचा मास्तर. मला तिसराच प्रश्न पडला. गाव स्वस्त होतं कशामुळे? त्या निमित्ताने जे वाचलं, ते इथे मांडतो.

प्वेब्लो आर्कन्सॉ नदीच्या काठी वसलंय. 1840 च्या दशकात ही नदी म्हणजे अमेरिका आणि मेक्सिको यांची सरहद्द होती. 1842 साली इथे मातीच्या भिंतींचं एक व्यापारी ठाणं उभं राहिलं, तीच गावाची सुरुवात. 1872 मध्ये रेल्वे आली. रेल्वेला रूळ लागतात, आणि रुळांना लागणारा कोळसा दक्षिणेच्या डोंगरांत होता. 1881 साली इथली पहिली झोतभट्टी पेटली. पुढे 1892 मध्ये दोन कंपन्या एक होऊन 'कोलोरॅडो फ्युएल अँड आयर्न' ही कंपनी झाली आणि सगळं गाव तिच्याभोवती वाढलं. स्लोव्हेनियन, इटालियन, मेक्सिकन अशी नाना देशांची माणसं भट्टीवर कामाला आली. कारखान्याभोवतीच्या वस्त्यांमधून त्यांची चर्चं, त्यांचे क्लब आणि त्यांचे खाद्यपदार्थ अजून टिकून आहेत.

त्या काळी जगणं कसं असावं, हे कंपनी ठरवायची. दवाखाना कंपनीचा. डॉ. रिचर्ड कॉर्विन नावाच्या डॉक्टरांनी तो नावारूपाला आणला. 1901 मध्ये कंपनीने 'समाजशास्त्रीय विभाग' काढला आणि खाणवस्त्यांमधून बालवाड्या, वाचनालयं सुरू केली. वाचायला हे छान वाटतं. पण याच कंपनीच्या आणि शेजारच्या इतर कंपन्यांच्या खाणकामगारांनी संप केला, तेव्हा 20 एप्रिल 1914 रोजी लडलो इथे त्यांच्या तंबूंवर गोळीबार झाला, तंबू पेटवले गेले. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन बायका आणि अकरा मुलं गुदमरून मेली. कंपनीची सूत्रं तेव्हा रॉकफेलर घराण्याच्या हातात होती. मालकाने दिलेली सोय ही मालकाची मर्जी असते, हे तिथल्या लोकांना फार महागात कळलं.

दुसरा तडाखा नदीने दिला. 3 जून 1921 च्या रात्री पूर आला आणि गावाचा मध्यभाग पाण्याखाली गेला. स्टेशनाजवळ अडकलेल्या आगगाड्यासुद्धा सुटल्या नाहीत. मृतांच्या वेगवेगळ्या नोंदींत मोठी तफावत आहे. पुन्हा असं होऊ नये म्हणून नदीचं पात्रच हलवायचं आणि भक्कम बांध घालायचा, असं ठरलं. त्यासाठी राज्याच्या विधिमंडळाचा कायदा हवा होता, आणि इथे राजकारण आलं. डेन्व्हरवाल्यांना रॉकी पर्वतातून पश्चिमेकडे थेट जाणारा मोफॅट बोगदा हवा होता. प्वेब्लोवाले त्याला विरोध करत आले होते, कारण पश्चिमेकडची वाहतूक त्यांच्या गावावरून जायची. 1922 मध्ये सौदा झाला: प्वेब्लोला पूरनियंत्रण, डेन्व्हरला बोगदा. 1928 साली बोगदा सुरू झाला आणि हळूहळू रेल्वेचं महत्त्वही डेन्व्हरकडे सरकलं. जीव वाचवायचा तर व्यापार सोडा, असाच तो व्यवहार होता. मी आमदार असतो तर मीही तेच मत दिलं असतं.

तरी कारखाना होता तोवर गाव तरलं. 1960 च्या जनगणनेत प्वेब्लोची वस्ती 91,181 होती आणि सत्तरेक किलोमीटरवरच्या कोलोरॅडो स्प्रिंग्जची 70,194. म्हणजे प्वेब्लो थोरलं! 2020 मध्ये प्वेब्लो 1,11,876 वर आहे आणि स्प्रिंग्ज 4,78,961 वर. तिकडे लष्कराचे तळ आणि वायुदलाची अकादमी आली. इकडे 1982 च्या मंदीत पोलादाचा बाजार कोसळला, झोतभट्ट्या विझल्या आणि हजारो माणसं घरी बसली. 1990 मध्ये कंपनीने दिवाळं जाहीर केलं. कामगारांच्या पेन्शनचा भार शेवटी केंद्र सरकारच्या विमा संस्थेला उचलावा लागला. निवृत्त माणूस असल्यामुळे हे वाक्य मी दोनदा वाचलं.

आता घरं स्वस्त का, ते कळलं असेल. कामगारांसाठी बांधलेली घरं राहिली आणि काम गेलं. आजच्या स्वस्ताईची किंमत त्या माणसांनी आधीच मोजून ठेवली आहे.

पण एवढ्यावर थांबलं तर चित्र अर्धंच राहील. मला या गावाचं कौतुक वाटतं ते पडझडीनंतर त्याने जे केलं त्यासाठी. 1984 मध्ये, ऐन बेकारीत, लोकांनी मतदान करून स्वतःवर अर्ध्या सेंटचा विक्रीकर लावून घेतला. शंभर डॉलरच्या खरेदीला पन्नास सेंट. हा पैसा नवे उद्योग आणण्यासाठी वापरायचा, आणि पुढेही मतदारांनी हा कर चालू ठेवला. पुराच्या भीतीने जिथून नदी हलवली होती, त्या जुन्या मार्गावर 2000 साली नदीकाठची सुंदर पायवाट खुली झाली. तिच्या कर्जरोख्यांनाही मतदारांनीच मान्यता दिली होती. 1933 च्या महामंदीत काही नागरिकांनी कोर्टाच्या इमारतीत वर्ग भरवून कॉलेज काढलं होतं, त्याचं आज विद्यापीठ झालंय. शेतांमधून तिथली प्रसिद्ध मिरची पिकते. ती झाडावर आभाळाकडे तोंड करून उभी असते, म्हणून तिचं नाव 'मिरासोल', म्हणजे सूर्याकडे पाहणारी.

राहता राहिली ती गोम. ती आहे, आणि तिथल्या मातीत आहे. 1883 ते 1908 या काळात तिथे धातू वितळवण्याची एक भट्टी चालत होती. तिच्यातलं शिसं आणि आर्सेनिक आसपासच्या अंगणांत उतरलं. शंभरेक वर्षांनी, 2014 मध्ये, केंद्र सरकारने ती जागा देशातल्या सर्वांत प्रदूषित जागांच्या यादीत घातली आणि घरोघरची माती तपासून बदलायला घेतली. पुतण्याला मी एवढंच कळवलंय की त्या भागातलं घर असेल तर आधी मातीचा अहवाल माग, घरात लहान मूल आहे.

आणि दुसरं असं, की बाहेरून पैसे घेऊन येणाऱ्यांमुळेच अशा गावांतले भाव चढतात आणि तिथल्या जुन्या माणसांना ते परवडेनासे होतात. तेव्हा जायचं असेल तर नुसतं घर स्वस्त मिळतं म्हणून जाऊ नये. पुढच्या वेळी अर्ध्या सेंटचा प्रश्न मतदानाला येईल, तेव्हा त्या रांगेत उभं राहायची तयारी असावी.

तुमच्या माहितीत असं एखादं कारखाना गेलेलं गाव असेल, तर त्याचं पुढे काय झालं ते जरूर लिहा. वाचायला आवडेल.