रंग राहतो कुठे?

डिजिटल शिल्प रंगवणाऱ्यांच्या तीन तक्रारी ठरलेल्या असतात. बारीक रेघ धुरकट उमटते. गालावरून कानाकडे ओढलेला पट्टा मध्येच तुटतो. उजव्या दंडावर काढलेलं गोंदण आपोआप डाव्या दंडावरही दिसू लागतं. मी हे काम नवख्या मुलांना शिकवते. तक्रार कुठलीही असो, शेवटी एकच वाक्य येतं: 'माझा हातच चांगला नाही.' काहीजण तेवढ्यावरच रंगकाम सोडून देतात. हात बहुतेक वेळा ठीकच असतो. या अडचणींची मुळं त्यांच्या जन्माआधी घेतलेल्या काही निर्णयांत आहेत.

पहिला निर्णय १९७१चा, अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातला. आंरी गूरो या फ्रेंच विद्यार्थ्याने आपल्या बायकोच्या, सिल्व्हीच्या चेहऱ्यावर खरोखरच्या रेघा आखून त्याचे लहान लहान तुकडे पाडले आणि त्यांचे कोपरे मोजून कॉम्प्युटरमध्ये भरले. असा चेहरा पडद्यावर पैलू पाडल्यासारखा दिसतो. गूरोने तोडगा काढला: छटा फक्त कोपऱ्यांवर ठरवायची आणि मधली जागा एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे हळूहळू मिसळत भरायची. झेडब्रशचं पॉलिपेंट आणि ब्लेंडरचं व्हर्टेक्स पेंट आजही याच तत्त्वावर चालतात. रंग बिंदूंवर राहतो. दोन बिंदूंमधल्या अंतरापेक्षा बारीक रेघ तिथे मावतच नाही, म्हणून ती धुरकट होते. अशा वेळी ब्रश बदलून उपयोग नसतो. मेशचे बिंदू वाढवावे लागतात.

दुसरा निर्णय त्याच विद्यापीठातला. १९७४मध्ये एड कॅटमल यांनी पीएच.डी.च्या प्रबंधात वक्र पृष्ठभागावर चित्र चिकटवण्याची रीत मांडली. आता रंग बिंदूंवर अवलंबून राहिला नाही. २०४८ बाय २०४८च्या एका चित्रात ४१,९४,३०४ पिक्सेल असतात. तेवढा बारकावा बिंदूंवर हवा, तर जवळपास तितकेच बिंदू लागतील.

पण चित्र सपाट आणि चेहरा गोलसर. गोलाचा पृष्ठभाग ताणल्या-आकसल्याशिवाय सपाट करता येत नाही, हे गाऊस या जर्मन गणितज्ञाच्या १८२७च्या सिद्धांतातून निघतं. शाळेतल्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशात ग्रीनलंड अवाढव्य दिसतं, ते याच अडचणीमुळे. हा ताण कमी करायचा तर मॉडेलला कुठेतरी काप द्यावा लागतो. तोच सीम. तो गालावरून गेला की पट्टा तुटलेला दिसतो. म्हणून सीम कानामागे, केसांखाली, हाताच्या आतल्या बाजूला लपवावा आणि चित्रात रंग तुकड्याच्या कडेबाहेर काही पिक्सेल पसरू द्यावा.

गोंदणाचं कोडंही इथेच सुटतं. चित्रातली जागा वाचवण्यासाठी दोन्ही हातांना एकाच तुकड्यावर बसवण्याची पद्धत आहे. मग एका हाताचा रंग दुसऱ्यावर दिसणारच. दोघांच्या यूव्ही वेगळ्या केल्या की गोंदण एकाच दंडावर राहतं.

१९९०मध्ये पॅट हॅनरहन आणि पॉल हेबर्ली यांनी थेट त्रिमितीय आकारावर ब्रश फिरवता येईल अशी पद्धत मांडली. आज आपण तसंच रंगवतो. सोय मोठी झाली, पण त्यामुळे मुलांपासून एक गोष्ट लपली: हात शिल्पावर फिरतो, रंग मात्र दुसरीकडे साठतो. कॅटमल आणि हॅनरहन यांना २०१९चं ट्युरिंग पारितोषिक एकत्र मिळालं. दरम्यान, २००८मध्ये डिस्नेने पीटेक्स ही पद्धत मांडली. त्यात मेशच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचं छोटं चित्र मिळतं, उलगडून सपाट करण्याची गरजच राहत नाही. गेमच्या जगात मात्र अजून यूव्हीचंच राज्य आहे.

म्हणून रंग बिघडला की मी मुलांना आधी विचारते, 'तुझा रंग राहतो कुठे? बिंदूंवर की चित्रात?' बिंदूंवर असेल, तर रीमेश करण्याआधी मॉडेलची एक प्रत ठेवा, कारण बिंदू बदलले की रंगही जाऊ शकतो. चित्रात असेल आणि ब्लेंडर वापरत असाल, तर ते चित्र वेगळं सेव्ह करा. नुसती फाइल सेव्ह केल्याने ते सेव्ह होईलच असं नाही, आणि रात्रभराची मेहनत सकाळी गायब झालेली असते.