मॉरिशसची शीट आणि एक न लागलेलं गाव



तर झालं असं, की दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघा मित्रांनी मॉरिशस ठरवलं. आगाऊ व्हिसाची कटकट नाही म्हणून. एक्सेल शीट अर्थातच माझ्या गळ्यात. पाच दिवस, बजेट, शामारेलची सात रंगांची माती, क्यूरपिपचं ज्वालामुखीचं विवर, एक दिवस पॅरासेलिंग. झालं.

मग टीममधली एक सहकारी कॉलवर म्हणाली, "पोर्ट लुईला अर्धा दिवस ठेव." ती मूळची तिथलीच. तिने मला एका जुन्या नोंदीचा फोटो पाठवला. तिच्या खापरपणजोबांची नोंद. एक नंबर, नाव, बापाचं नाव, जिल्हा रत्नागिरी, आणि गाव. मी चिपळूणचा, म्हणून तिने विचारलं, हे गाव कुठलं? कारकुनाने ते इंग्रजीत असं काही लिहिलंय, की मी तीनदा वाचलं आणि तीन वेगळी गावं निघाली!

त्या रात्री शीट बाजूला ठेवली आणि वाचत बसलो.

ब्रिटिशांनी हे बेट 1810 मध्ये फ्रेंचांकडून घेतलं. 1835 मध्ये तिथली गुलामगिरी संपली, पण उसाचे मळे तसेच होते. मळेवाल्यांना स्वस्तात राबणारे हात हवे होते. 2 नोव्हेंबर 1834 ला 'अ‍ॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून 36 मजूर उतरले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. पुढे साडेचार लाखांच्या आसपास भारतीय तिथे गेले. बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशकडचे, मग तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून आपली कोकणातली माणसं. कागदावर करार होता, पण एक दिवस खाडा केला तर दोन दिवसांचा पगार कापायचे. याला 'डबल कट' म्हणत. आपल्याकडे एचआरने असं केलं तर लिंक्डइन पेटेल.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर, जिथे हे लोक उतरायचे, तो आप्रवासी घाट अजून आहे. 2006 पासून युनेस्कोच्या यादीत. तिथल्या 16 पायऱ्या चढून माणूस डेपोत जायचा आणि त्याला नंबर मिळायचा. मी दिवसभर डेटाबेस बघतो, प्रत्येक रेकॉर्डला आयडी लागतोच. पण इथे आयडी टिकला आणि बाकीचं गळालं. आडनाव तर बहुतेकदा नोंदलंच गेलं नाही. पणजोबांचं पाळण्यातलं नावच पुढे घराण्याचं आडनाव झालं. माझ्या सहकारीचंही तसंच आहे.

आता एक गंमत. म्हणजे गंमत कसली, मला रात्री दीड वाजता काटा आला. सह्याद्रीचा काळा दगड सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. शास्त्रज्ञांच्या मते पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्ण जागेवरून तो आला, तिनेच खूप नंतर, 80 लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास, मॉरिशस घडवलं. मधल्या काळात आपली जमीन उत्तरेकडे सरकत गेली. आज ती जागा शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. म्हणजे रत्नागिरीचा माणूस कातळावरून निघाला, समुद्र ओलांडला आणि त्याच कातळाच्या धाकट्या भावंडावर उतरला. ऊस लावण्याआधी तिथले दगड हातांनी वेचावे लागत. त्यांचे ढिगारे आजही शेतांत दिसतात. तिथल्या फोटोंवर हॉटेलवाले 'स्वर्ग' लिहितात. असो.

गावाचं काय? बाबांना ते स्पेलिंग मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अरे, कारकुनाने कानाने ऐकून लिहिलंय, तू डोळ्यांनी काय वाचतोस?" मग त्यांनी स्वतःच चार-पाच प्रकारे म्हणून बघितलं आणि तीनातलं एक गाव बाद केलं. दोन उरलीत. मोका नावाच्या गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या मजुरांची मूळ दफ्तरं आहेत. मूळ पानावर अक्षर जरा नीट दिसेल, अशी तिला आशा आहे. तीही दिवाळीला घरी असेल, आम्ही दोघं जाणार.

शीटमधून पॅरासेलिंगचा दिवस उडवलाय. ग्रुपवर दोघं अजून रुसलेत.