घर कुणाचं, आग कुणाची?

श्रोतेहो, ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. आज मी तुम्हाला जी हकीकत सांगणार आहे, तिच्यात बंबाचं काम थोडं आहे. आग लागण्याआधी त्या घरात जाऊन कुणी पाहावं, आणि तिथं राहणाऱ्याने पाहावं की घर ज्याच्या नावावर आहे त्याने, हा तिचा विषय आहे. या साध्या प्रश्नावर इंग्लंडातल्या लोकांनी साडेतीनशे वर्षं भांडण केलं आहे. आपल्याकडेही ते पुरतं मिटलेलं नाही.

सन १६६६, सप्टेंबरची २ तारीख, रविवारची पहाट. लंडन शहरातल्या पुडिंग लेन नावाच्या अरुंद गल्लीत थॉमस फॅरिनर याचा भटारखाना होता. तिथं आग लागली. उन्हाळा कोरडा गेलेला, पूर्वेचा वारा सुटलेला, आणि घरं लाकडाची. वरचे मजले गल्लीवर इतके पुढे आलेले की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवावा. अशा वेळी पाण्यापेक्षा एकच उपाय खरा, तो म्हणजे पुढची चार घरं पाडून आगीची वाट तोडायची. आपल्या खेड्यांत गंजी पेटली की शेजारचं छप्पर माणसं ओढून काढतात, तोच हा उपाय. लंडनमध्ये त्यासाठी लांब दांड्यांचे आकडे ठेवलेलेही होते.

नगराध्यक्ष सर थॉमस ब्लडवर्थ यांना रात्रीच उठवून आणलं. घरं पाडायची आज्ञा द्या, असं लोक म्हणू लागले. ते कचरले. कचरण्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. बहुतेक घरं भाड्याची होती, मालक जागेवर नव्हते, आणि मालकाच्या परवानगीवाचून घर पाडलं तर भरपाई कुणी द्यायची? हा विचार होईपर्यंत आग नदीकाठच्या वखारींत शिरली. तिथं तेल, चरबी, डांबर, दारू असा माल भरलेला होता. मग काय विचारता! चार दिवसांत सुमारे १३,२०० घरं आणि ८७ चर्चं जळाली. राखेत गेलेल्या त्या घरांचे मालक मात्र आता सापडू लागले.

कारण भाड्याचा प्रश्न उभा राहिला. त्या काळच्या भाडेपट्ट्यांत साधारणपणे असं लिहिलेलं असे की घराची डागडुजी भाडेकरूने करावी आणि मुदत संपेपर्यंत भाडं देत राहावं. घर जळालं तर काय, याचा खुलासा नव्हता. म्हणजे कायद्याच्या अक्षराप्रमाणे पाहिलं तर ज्याची खाट, भांडी, दुकानचा माल सगळं गेलं, त्यानेच राखेवर भाडं भरायचं आणि वर दुसऱ्याचं घर बांधूनही द्यायचं! हे चाललं असतं तर लंडन पुन्हा बांधलंच गेलं नसतं. म्हणून १६६७ मध्ये पार्लमेंटने एक खास न्यायालय नेमलं. त्याला आगीचं न्यायालय असंच म्हणत. मोठे न्यायाधीश त्यात बसत, मोबदला घेत नसत, आणि बरेचसे दावे एका बैठकीत निकालात काढत. पट्ट्यात काय लिहिलं आहे एवढ्यावरच ते थांबत नसत. बांधण्याची ऐपत आणि इच्छा कुणाची आहे, हेही विचारात घेत. भाडेकरू बांधायला तयार असेल तर त्याचं भाडं कमी करीत आणि पट्ट्याची मुदत वाढवून देत. इतिहास शिकवताना आपण लढाया आणि तह पुष्कळ सांगतो. असले निवाडे सांगायचे राहून जातात, याची मला खंत वाटते.

त्याच वर्षी नव्या बांधकामाचा कायदा झाला. बाहेरच्या भिंती विटेच्या किंवा दगडाच्याच हव्यात. दोन घरांमधली भिंत अमुक जाडीचीच हवी. गल्लीच्या रुंदीप्रमाणे घराची उंची. कायदा पाळला जातो की नाही हे पाहायला शहराने पाहणीदार नेमले. त्यांतला एक कोण होता, ठाऊक आहे? रॉबर्ट हूक. बुचाच्या पातळ कापात पेशी पाहणारा म्हणून शिक्षक मंडळी ज्याचं नाव मुलांकडून पाठ करून घेतात, तोच हा. सूक्ष्मदर्शकातून पाहणारा हा माणूस कैक महिने ढिगाऱ्यांतून फिरला, खुंट्या ठोकून हद्दी आखून दिल्या, भिंतींचे तंटे सोडवले.

पण शहर बांधून झालं की पाहणारा कोण? इथं धंदेवाईक माणूस पुढे आला. निकोलस बार्बन हा शिकलेला वैद्य, पण घरं बांधून विकण्यात रमलेला. १६८० च्या सुमारास त्याने आगीचा विमा उतरवणारी कचेरी काढली. त्याचा दर फार बोलका आहे. घराच्या वार्षिक भाड्यावर हप्ता. विटेच्या घराला शेकडा अडीच, लाकडी घराला शेकडा पाच. धोका दुप्पट, म्हणून पैसे दुप्पट. आगीचा धोका आधी तपासायचा आणि आकड्यात मांडायचा, या कल्पनेचं एक मूळ मला इथं दिसतं. पुढे विमा कंपन्यांनी वर्गवारी आणखी बारीक केली: साधी जोखीम, धोक्याची जोखीम आणि दुहेरी धोक्याची जोखीम. गवताने शाकारलेलं घर किंवा पेट घेणाऱ्या मालाचा धंदा असला की वरचा वर्ग. विमा उतरवलेल्या घराच्या दर्शनी भिंतीवर कंपनीचा धातूचा बिल्ला ठोकीत. लंडनच्या काही जुन्या घरांवर ते बिल्ले आजही दिसतात.

विमावाल्याची पाहणी मात्र अखेर पैशाची पाहणी. इमारतीची किंमत तो पाहील, माळ्यावर झोपणाऱ्या नोकराचा जीव त्याच्या वहीत येत नाही. शिवाय पैशाची पाहणीसुद्धा फसते, हे १८६१ साली दिसलं. २२ जून, शनिवार. थेम्स नदीच्या दक्षिण काठी टूली स्ट्रीटच्या वखारींत ताग, अंबाडी, कापूस, चरबी, सोरा, मसाले असा माल खच्चून भरला होता. आग लागली. वखारींच्या मधले लोखंडी दरवाजे आग अडवण्यासाठीच बसवले होते. ते उघडे राहिले होते, असं सांगतात. दरवाजा बसवला आहे एवढं लिहून भागत नाही, तो मिटलेला असतो का हेही पाहावं लागतं. लंडनच्या अग्निशमन दलाचे प्रमुख जेम्स ब्रेडवूड अशा अजस्र वखारींचा धोका आधीपासून सांगत आले होते. त्याच आगीत भिंत अंगावर कोसळून ते गेले. आग पुरती विझायला दोन आठवडे लागले. ते दल तोवर विमा कंपन्यांच्या खर्चाने चाले. कंपन्यांनी हात टेकले आणि १८६५ च्या कायद्याने ते काम सार्वजनिक झालं.

पुढचं शंभर वर्षांचं थोडक्यात सांगतो. कारखान्यांचे कायदे झाले, नाटकगृहांचे नियम झाले, पण उतारूंच्या हॉटेलांकडे कुणाचं नीट लक्ष नव्हतं. १९६९ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी सॅफ्रन वॉल्डन या गावी एका जुन्या हॉटेलात ११ माणसं दगावली. १९७१ मध्ये कायदा आला: अग्निशमन खात्याने येऊन पाहावं आणि दाखला द्यावा. दाखला भिंतीवर लागला की मालक निर्धास्त! ही निर्धास्ती बरी नव्हे, असं पुढे वाटू लागलं. म्हणून २००५ मध्ये इंग्लंड आणि वेल्ससाठी नवा हुकूम निघाला आणि १ ऑक्टोबर २००६ पासून ते दाखले बंद झाले. आता ज्याच्या ताब्यात जागा, तो जबाबदार. दुकान, कचेरी, भाड्याच्या खोल्यांच्या इमारतीचे सामाईक जिने, यांचं आगीच्या दृष्टीने परीक्षण त्यानेच करायचं, किंवा जाणकाराला बोलावून करून घ्यायचं.

या परीक्षणात असतं तरी काय? तुमच्या गावच्या किराणा दुकानात उभे राहून पाहा. पेटवणारं काय आहे: उघडी वायर, देवापुढचा दिवा, मागच्या खोलीतली शेगडी. पेटणारं काय आहे: बारदान, खोकी, रॉकेल, बाटलीतून विकायला ठेवलेलं पेट्रोल. आत माणसं कोण: पोटमाळ्यावर झोपणारा पोऱ्या, मागे राहणारी म्हातारी. तिला दिसत नसेल तर तिला बाहेर कोण आणणार? मागचं दार उघडतं की त्याला पोती लावली आहेत? मग काढता येईल ते काढायचं, उरेल त्याचा बंदोबस्त करायचा, लिहून ठेवायचं, आणि दुकानात काही बदललं की पुन्हा पाहायचं. यात न समजण्यासारखं काही नाही. अवघड आहे ते दुसऱ्याच्या खर्चाचं काम सुचवणं. वायर घरमालकाची, पोती दुकानदाराची, आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवणार.

हे बोट दाखवणं कुठवर जातं, ते १४ जून २०१७ च्या रात्री लंडनमध्येच दिसलं. ग्रेनफेल टॉवर ही २४ मजली भाडेकरूंची इमारत. तिच्या आगीच्या धोक्याचं परीक्षण झालेलंच नव्हतं असं नाही. ते झालेलं होतं. पण बाहेरच्या भिंतीवर नव्याने चढवलेलं पेट घेणारं आवरण परीक्षणात धरायचं की नाही, याबद्दल कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता. ७२ माणसं गेली. त्यानंतर २०२१ च्या कायद्याने लिहिलं की बाहेरची भिंत आणि प्रत्येक बिऱ्हाडाचं मुख्य दारही पाहिलंच पाहिजे.

आपल्या देशात यायला मला उशीर झाला खरा, पण आगींची आपल्याकडेही वाण नाही. १८०३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या किल्ल्यातला बाजार जळाला, शहराचा मोठा भाग गेला. शिक्षकांना मात्र मी दुसरी तारीख सांगेन: १६ जुलै २००४. तमिळनाडूतल्या कुंभकोणम गावी शाळेच्या स्वयंपाकाची ठिणगी गवती छपराला लागली, तिथून वर्गाच्या छपरावर गेली आणि ९४ मुलं गेली. १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या शाळांसाठी आदेश दिले: आग विझवायची साधनं बसवा, इमारती तपासा, शिक्षकांना ती साधनं वापरायला शिकवा. तुमच्या शाळेत भिंतीवर लाल नळकांडं असेल, तर त्याच्यावरची तारीख उद्या वाचून पाहा. आणि खिचडी शिजते ती जागा व पहिलीचा वर्ग यांच्यात किती पावलं आहेत, तेही मोजा.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. तो ६ डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्याच्याखाली येणाऱ्या इमारतींची आगविरोधी व्यवस्था परवानाधारक संस्थेकडून तपासून घ्यायची आणि ती चालू स्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचा असतो. कायदा झाल्यावरही २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री मुंबईत कमला मिलच्या आवारात, छतावरच्या उपाहारगृहांत १४ जण गेले, हे विसरून चालणार नाही. पण या कायद्यातली जबाबदारीची ओळ मी मुद्दाम पुन्हा वाचली. ती विकासकावर आहे, मालकावर आहे, भोगवटादारावर आहे, आणि पुढे असंही म्हटलं आहे की त्याला कोणत्याही नावाने ओळखलं जात असो. मालक सापडत नाही, ही ब्लडवर्थसाहेबांची सबब तिथं चालायची नाही.