शिलाहार, बल्हारा, द्रम्म : मध्ययुगाचे शब्द आपल्या परिसरात

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात 'मध्ययुगीन जग' हा धडा आला की मुले खलिफा, सुलतान, सरंजामदार ही नावे पाठ करतात. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या अभ्यासिकांतही हेच चालते. याच काळाचा एक दगडी दस्तऐवज वालधुनीच्या काठावर, अंबरनाथच्या शिवमंदिरात आहे, हे मात्र धड्यात नसते. काही शब्द तिथूनच समजून घेऊ.

शके ९८२. मंदिराच्या उत्तर दारावरील तुळईवर हा लेख आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १०६०. डॉ. भाऊ दाजींनी हा आकडा आधी ७८२ असा वाचला होता. पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असल्याचे दाखवले. एका अंकाने दोनशे वर्षांचा फरक पडतो. लेखातला राजा मम्वाणी ऊर्फ मुम्मुणी. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले आणि मंदिराचा संबंध लेखात छित्तराजाशी जोडला आहे. त्यानंतर सहाच वर्षांनी नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले.

हे मंदिर मुळात विहार होते, असे संदेश आपल्या गटांत फिरतात. हा लेख तसे म्हणत नाही. पुरावा नसलेला दावा केला की आपला खरा पुरावाही लोक हलक्यात घेतात. आणि खरा पुरावा भक्कम आहे, तो पुढे येतोच.

महामंडलेश्वर. मुम्मुणीची पदवी. अर्थ मोठा मांडलिक. उत्तर कोकणचे शिलाहार आधी राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. ९७३ मध्ये चालुक्य तैलपाने राष्ट्रकूट सत्ता संपवली, त्यानंतर ते बरेचसे स्वतंत्रपणे वागू लागले, पण पदवी मांडलिकाचीच राहिली. त्यांच्या प्रदेशाला 'पुरीप्रमुख चौदाशे गावांचे कोकण' म्हणत. युरोपातल्या सरंजामदाराशी ही तुलना वरवर जुळते, एवढीच ठेवावी.

कृष्णगिरी. म्हणजे कान्हेरी. इथे सातवाहन काळात कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दाने दिली, हे आपल्याला ठाऊक असते. त्यानंतर बौद्ध धम्म इथून लवकरच नाहीसा झाला, असे सर्रास सांगितले जाते. कान्हेरीचे तीन लेख वेगळे सांगतात: शके ७६५, ७७५ आणि ७९९, म्हणजे साधारण ८४३ ते ८७७. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष, त्याच्या हाताखाली शिलाहार पुल्लशक्ती आणि नंतर दुसरा कपर्दी, अशी नावे त्यात येतात. दाने कशासाठी? गुहांची डागडुजी, भिक्खूंची चीवरे, पुस्तके. पुस्तकांसाठी वेगळा पैसा लागतो, म्हणजे तिथे वाचणारे लोक होते. ओसाड लेण्याला कुणी चीवराचा खर्च देत नाही.

द्रम्म हे त्या काळचे नाणे. हा शब्द ग्रीक 'द्राख्मा'वरून आला. अक्षयनीवी म्हणजे मुद्दलाला हात न लावता व्याजावर चालणारी ठेव. गौड देशातून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने कान्हेरीत १०० द्रम्मांची अशी ठेव ठेवली. गौड म्हणजे बंगाल, तेव्हाच्या बौद्ध पाल राजांचा मुलूख. धर्मपालाने विक्रमशीला उभारले. त्याचा मुलगा देवपाल याने नालंदा इथल्या एका विहाराला पाच गावे दिली. तो विहार बांधला होता सुवर्णद्वीपाच्या, म्हणजे आजच्या इंडोनेशियाकडच्या, राजा बालपुत्रदेवाने. सुमात्रा-जावा, बिहार, बंगाल आणि बोरिवलीची टेकडी असे हे बौद्ध जग नवव्या शतकात एकमेकांना ओळखत होते.

बल्हारा. अरब लेखक राष्ट्रकूट राजाला या नावाने ओळखत. मूळ शब्द 'वल्लभराज'. बगदादचा प्रवासी अल-मसूदी ९१६ च्या सुमारास चौलला आला. तिथे सुमारे १०,००० मुसलमान राहतात, त्यांचे तंटे त्यांच्यातलाच प्रमुख सोडवतो आणि तिथला राजा झंझ, असे त्याने लिहिले. झंझ हा शिलाहारच.

ताजिक म्हणजे अरब. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेल्या शके ८४८ च्या ताम्रपटात राष्ट्रकूटांचा संजाणचा अधिकारी ताजिक आहे. त्याचे नाव मधुमती, म्हणजे संस्कृतात बसवलेले 'मुहम्मद'. त्याने एका मठासाठी जमीन दिली. व्हॉट्सॲपवरच्या इतिहासात हा माणूस कुठेच बसत नाही.

गद्धेगाळ. दान मोडणाऱ्याला शिवी देणारा दगड. वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि स्त्री. जमीन बळकावणार पुरुष, विटंबना मात्र त्याच्या आईची. समाजशास्त्राच्या वर्गात हा दगड दाखवायला हवा.

शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर. यादव महादेवाच्या फौजेशी लढताना तो समुद्रात बुडाला आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर कोकण यादवांकडे गेले. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत, त्यांवर जहाजांची लढाई कोरलेली दिसते. कान्हेरी पाहायला जाल तेव्हा तेही पाहून या. दादरला गाडी बदलली की एका दिवसात दोन्ही होतात.